बावन्न वाक्यांचं घर

प्रिय उशी,

परवा मला कामावरून काढलं, म्हणून हे पत्र. काढलं म्हणजे आधी बसायला खुर्ची दिली, मग चहा दिला आणि मग उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चूक माझीच होती, तेव्हा सहानुभूती वगैरे पाठवू नकोस. दर वाढदिवसाला तू कार्डावर तीन ओळी लिहितेस आणि मी दोन, असं आपलं कित्येक वर्षं चाललंय. आज सगळी थकबाकी एकदम येते आहे. चष्मा शोधून ठेव. तुला उशी म्हणणारी आता मी एकटीच उरले असेन. तुझ्या तासाला पोरं बाकावर डोकं टेकून झोपायची आणि तू त्यांना उठवायची नाहीस, म्हणून तू उशी. आणि मी फूटपट्टी. नावं ठेवण्यात पोरं कधी चुकत नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं हे निवृत्त माणसाला सोडून सगळ्यांना माहीत असतं. माझा मुलगा फोनवर म्हणाला, आई, आता आराम कर. मी आठ महिने आराम केला, म्हणजे कपाटाचे सगळे खण तीनदा लावले. मग एक जाहिरात दिसली. भाषेवरच्या एका संशोधनासाठी इंग्रजी आणि आपली भाषा, दोन्ही कानांनी नीट ओळखणारी माणसं हवी होती. गेले. मुलाखतीला माझ्या मुलाहून लहान वयाची एक बाई होती, तीच प्रकल्पाची प्रमुख. मला मॅडम म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून या म्हणाली.

काम असं होतं. साठ घरं, प्रत्येक घरात दोन ते पाच वर्षांचं एक मूल. पंधरवड्यातून एक दिवस त्या मुलाच्या अंगातल्या कपड्याला खिसा शिवून त्यात काडेपेटीएवढा रेकॉर्डर ठेवायचा. दिवसभर त्याच्या कानावर जे पडेल ते सगळं त्यात येतं. आम्ही ते हेडफोन लावून ऐकायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला खूण करायची: घरची भाषा, इंग्रजी, दोन्हींची सरमिसळ, की शांतता. चार रकाने. कोणत्या घरात मूल कोणती भाषा किती ऐकतं आणि त्यातून पुढे काय शिकतं, हे त्यांना पाहायचं आहे. घरांना नावं नाहीत, आकडे आहेत. ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, घरच्यांना सल्ला देणार नाही, पत्ता कुणाला देणार नाही, अशा कागदावर माझी सही आहे. सही केली की पाळायची, हे वाक्य तू माझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असशील.

पहिले दोन महिने मजेत गेले. एका घरातले वडील मुलाशी दिवसभर इंग्रजीत बोलायचे, पण पाय खेळण्यावर पडला की अस्सल घरच्या भाषेत शिवी. एका घरातल्या आजी नातीच्या खिशाशी तोंड नेऊन म्हणायच्या, अहो खिशातले, आमची पोर हुशार आहे, तेवढं लिहून घ्या. मी ते सरमिसळीत घालू की कशात, असं प्रमुखांना विचारायला गेले तर त्या हसत सुटल्या. मलाही बरं वाटत होतं. आयुष्यभर मी बोलले आणि इतरांनी ऐकलं. आता उलट चाललं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बयो, तीस वर्षं उशीर झाला.

मग माझ्या वाट्याला तेवीस नंबरचं घर आलं. मुलगी, वय पावणेचार. आई घरी शिवणकाम करते, वडील ट्रक चालवतात, महिन्यातून दोनदा घरी. पहिल्याच दिवशी शांततेचा रकाना खालपर्यंत भरत गेला. मला वाटलं, शिलाई मशीनच्या आवाजात बोलणं बुडतंय. पण तसं नव्हतं. मशीन थांबायचं, आई एक इंग्रजी वाक्य बोलायची, मुलगी तेच वाक्य परत म्हणायची, मशीन पुन्हा सुरू. कम हियर. वॉश युअर हँड्स. डोन्ट टच दॅट. गुड गर्ल. मध्ये वीस-वीस मिनिटं काही नाही. उच्चार बेताचे, पण घोटलेले. मी इंग्रजीच्या रकान्यात खुणा करत होते आणि मनात म्हणत होते, बाई कष्टाळू आहे हो.

तिसऱ्या ध्वनिमुद्रणात आई म्हणाली, व्हेअर इज युअर अदर शू? मुलगी तेव्हा झोपेतून उठत होती. कुठला बूट आणि कुठलं काय. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ते वाक्य जगातल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, उशी. ते माझं आहे. माझा मुलगा रोज सकाळी एक बूट हरवायचा म्हणून मी ते घातलं होतं, आणि तू म्हणाली होतीस की हे एकच वाक्य माणसाने लिहिलंय असं वाटतं. आठवली ना आपली पुस्तिका? आयांसाठी, घरी बोलायची बावन्न वाक्यं. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली त्या वर्षी आपण दोघींनी बसून केलेली. मी घरी जाऊन माझी प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी शेजारी ठेवून ऐकायला बसले. तेवीस नंबरच्या घरात त्रेपन्नावं वाक्य नव्हतं. मुलगी बाहुलीशी खेळतानासुद्धा एक ते बावन्न ओळीने म्हणत होती, मधलं एखादं विसरली तर पुन्हा एकपासून.

तेवढ्याने काही झालं नसतं. मुलं पोपटासारखी बोलतातच, पुढे वाटेला लागतात, असं मी स्वतःला समजावलं असतं. पण रेकॉर्डर मुलीच्या खिशात असतो हे ध्यानात घे. दुपारी आईला तिच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा. फोन आला की आई मोरीत जाऊन दार लावून घ्यायची, घरची भाषा मुलीच्या कानावर पडू नये म्हणून. दाराआडून नुसता सूर ऐकू यायचा. काय बोलते ते कळायचं नाही, पण हसायची. अगं, केवढी बोलायची ती. घोळवून, वर नेऊन, खाली आणून, मध्येच नक्कल करून. आणि खिशातला रेकॉर्डर दाराला घासल्याचा आवाज यायचा, म्हणजे मुलगी दाराला चिकटून उभी. तिचा श्वास ऐकू यायचा. थोड्या वेळाने ती तोंडातल्या तोंडात तसाच सूर काढायची. शब्द एक नाही, नुसते चढउतार. आई हसली की हीही हसायची, दाराच्या अलीकडे. दार उघडायच्या आत परत जागेवर जाऊन बसायची. हे मी कोणत्या रकान्यात घालावं, सांग. नियमाप्रमाणे शब्द कळत नसतील तर शांतता. मी शांतता लिहिलं. एकवीस वेळा लिहिलं.

पुढच्या खेपेला मुलीला ताप होता. रेकॉर्डिंगचा दिवस चुकवू नये म्हणून आईने तिला तशीच खिशाचा झगा घालून निजवलं होतं. मुलगी कण्हत होती. आपल्या बावन्न वाक्यांत कुठे दुखतंय असं विचारणारं वाक्य नाही. मी पुन्हा पुन्हा चाळलं. हात धुवा आहे, पाहुण्यांना नमस्कार करा आहे, पुस्तक जागेवर ठेवा आहे. कुठे दुखतंय, नाही. आई चार तास तिच्याजवळ बसली होती, बांगडी वाजत होती, पाण्याची पट्टी पिळल्याचा आवाज येत होता, आणि ती बोलत नव्हती. मग म्हणाली, गुड गर्ल. थोड्या वेळाने पुन्हा, गुड गर्ल. मुलीने ग्लानीत उत्तर दिलं, थँक यू, आय अॅम फाइन. वाक्य क्रमांक चार.

मी रडणाऱ्यातली नाही हे तुला ठाऊक आहे. मी रकाने भरले, कागद घेतले आणि प्रमुखांच्या खोलीत गेले. म्हटलं, त्या आईला आजच्या आज सांगायला हवं की बाई, तुझ्या भाषेत बोल. प्रमुख वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलीचे कान तपासलेत, तब्येत तपासलीय, सगळं नीट आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, मॅडम, एका घराला सांगितलं तर साठांना सांगावं लागेल, आणि मग आपण काय मोजतोय? आणि त्याने नुकसानच होतं हे तुम्हाला वाटतंय; ते खरं आहे का, हेच तर आपण शोधतोय. अभ्यास संपला की प्रत्येक घराला बसवून सांगायचं ठरलेलंच आहे. मी विचारलं, कधी? सोळा महिन्यांनी. मी म्हटलं, तोपर्यंत ती पाच ओलांडेल. त्या म्हणाल्या, हो. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, तेही चहा न देता.

त्यानंतर तीन आठवडे मी नियमाने वागले. मग रेकॉर्डर आणायला जाणारा माणूस रजेवर गेला आणि मी म्हटलं, तेवीस माझ्या वाटेवर आहे, मी आणते. माझ्या वाटेवर नव्हतं. दोन बस बदलाव्या लागल्या. दुसरा मजला, दाराशी कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं, आत एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीला जाळी. खाली अंगणात मुलं खेळत होती. हिला तिकडे सोडत नाहीत, भाषा बिघडेल म्हणून. दार उघडलं आणि ती बाई दोन पावलं मागे सरली. फूटपट्टीबाई, असं तिच्या तोंडातून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. आपलीच विद्यार्थिनी गं. आठवीनंतर शाळा सोडलेली. मला चेहरा आठवला नाही. आपल्याला हुशारांचे चेहरे आठवतात. तिला मात्र सगळं आठवत होतं. बसा म्हणाली, पंखा लावला, तुझी चौकशी केली. उशीबाई कुठं असतात? त्यांच्या तासाला काय झोप लागायची बाई, शाळेत सुख म्हणून तेवढंच. मग अभिमानाने पुस्तिका दाखवली. थोरल्या बहिणीकडून आलेली. प्लॅस्टिकचं वेष्टण घातलंय आणि पानं सुटली म्हणून मशीनवर शिवून काढलीत. मुलगी कोपऱ्यात बाहुली घेऊन उभी होती. गुड मॉर्निंग मॅडम, म्हणाली. दुपारचे चार वाजले होते.

मी सांगितलं. जमेल तेवढ्या मऊपणे सांगितलं, पण माझा मऊपणा तुला माहीत आहे, खडूने फळा पुसल्यासारखा. म्हटलं, मुलीशी आपल्या भाषेत बोल, गोष्टी सांग, वाटेल ते बडबड, इंग्रजी शाळा शिकवेल. तिने ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. म्हणाली, बाई, हे तुम्हीच छापलंय ना? घरात दुसरी भाषा बोलू नये, वरच लिहिलंय. मी म्हटलं, ते चुकलं. ती म्हणाली, तुमच्या मुलाशी तुम्ही काय बोलायचा? मी खरं ते सांगितलं, दोन्ही. तर म्हणाली, हां, तुम्हाला दोन्ही येत होत्या. आणि मग, उशी, ती फार हळू बोलली. आठवीत मी धडा वाचायला उभी राहिले, तुम्ही म्हणालात, खाली बस, इंग्रजीने तुझं काय घोडं मारलंय? अख्खा वर्ग हसला. तेव्हा माझ्या तोंडातून काढून घेतलंत. आता तिच्या तोंडातून काढून घ्यायला आलात होय?

मी तिला म्हणायला हवं होतं की तसं नाही. मी म्हटलंही, दोनदा. पण तिच्या कानाला ते कसं लागत होतं ते मला दिसत होतं. तुझं इंग्रजी वाईट आहे, तू गप्प बस. माझ्या तोंडून तिने आयुष्यात दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. तिने रेकॉर्डर माझ्या हातात ठेवला, मुलीच्या झग्याचा खिसा माझ्यासमोर उसवला आणि तो कापडाचा तुकडाही दिला. मुलीला म्हणाली, से बाय टू मॅडम. मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयात फोन करून सांगितलं की तुमच्या बाई आमच्या इंग्रजीचा अपमान करून गेल्या, आम्हाला यात राहायचं नाही. म्हणजे बघ, मी काय साधलं. सोळा महिन्यांनी का होईना, तिला कुणीतरी बसवून सांगणार होतं. आता तेही कुणी सांगणार नाही. तेवीस नंबर यादीतून गेला. मी त्या घराच्या जिन्यापर्यंत पुन्हा एकदा गेले. वरून मशीनचा आवाज येत होता. थांबला, की मी कान देत होते. मशीन पुन्हा सुरू झालं, आणि मी वर न जाता दोन बस बदलून घरी आले.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी मघाशी उठून दोनदा पाणी प्यायले. पुस्तिकेला तू एक शेवटचं पान लिहिलं होतंस. आयांना उद्देशून, आपल्या भाषेत. ही वाक्यं दिवसातून थोडा वेळ, खेळासारखी बोला. बाकी सगळा वेळ मुलांशी आपल्या भाषेत भरपूर बोला, गाणी म्हणा, रागवा, लाड करा, त्यानेच इंग्रजी सुद्धा लवकर येईल, असं. छापील पुस्तिकेत ते पान नव्हतं. मोठ्या सरांनी काढलं असं तू धरून चाललीस, त्यांच्या खोलीत जाऊन भांडलीस, आणि तो अहंकारी माणूस, मला ठाऊक नाही असं म्हणणं कमीपणाचं म्हणून, छापलं ते छापलं, एवढंच बोलला. तू राजीनामा टेबलावर ठेवलास. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. सरांनी ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं. छापायला देण्याआधी रविवारी मीच ते काढलं, आणि दुसरी भाषा बोलू नये ही ओळ वर मीच घातली. मला वाटलं, आयांना एवढी सूट दिली की त्या इंग्रजीचं नाव काढणार नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त. नंतर तुला सांगायचं म्हणून मी किती वेळा निघाले, आणि तू त्या दुसऱ्या गावच्या शाळेत रमलीस असं कळलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. तू रमली होतीस का, हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र आहे. माफी मागायला नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि तेवढा वेळ आता नाही, मुलगी पुढच्या महिन्यात चारची होईल. माझ्या तोंडून त्या आईला जे शिवीसारखं लागलं, ते तुझ्या तोंडून लागणार नाही. तिच्याकडे जा. हे पान पहिल्यापासून होतं, तुझ्यासारखीने लिहिलं होतं आणि माझ्यासारखीने काढून टाकलं, एवढं तिला सांग. माझ्यावर किती बोलायचं ते बोल, त्याने काम सोपंच होईल. तू जाशील की हे वाचून पत्र फाडशील, मला सांगता येत नाही, आणि दोन्हींतलं काही मला अडवता येणार नाही. पुढे काय झालं ते मला नाही कळवलंस तरी चालेल.

तुझीच,
फूटपट्टी

कार्यालयात परत दिलं, प्रमुखांची सही घेतली: रेकॉर्डर एक, हेडफोन एक, तेवीस नंबर घराचे भरलेले तक्ते एकोणीस, झग्याचा उसवलेला खिसा एक.

या पत्रासोबत तुला: तुझ्या हस्ताक्षरातलं पान एक, पाठपोट, निळी शाई. त्यावरची लाल काट माझी. तेवीस नंबर घराचा पत्ता, वेगळ्या चिठ्ठीवर. तो देण्याचा मला अधिकार नाही.